नाळ शाबूत

मनोरी, २ जून

मध्या,

तू मुलुंडला आणि मी मनोरीत, दोघेही अजून जिवंत आहोत, तेव्हा खुशाली आटोपली असं समज. फोन करू नकोस हे पुन्हा सांगतो. जन्मभर इंजिनाशेजारी बसून माझे कान गेलेत, आणि मला ऐकू यावं म्हणून तू जे ओरडतोस ते आमची आख्खी पाखाडी, म्हणजे सगळी आळी, ऐकते. शाळेत तू माझे निबंध लिहून द्यायचास, त्याची फेड म्हणून ही पत्रं वाच.

वादळ तू टीव्हीवर पाहिलं असशील. टीव्हीवर लाटा दाखवल्या त्या चौपाटीच्या. आमच्याकडे कॅमेरा आला नाही, कारण मार्व्याहून येणारी फेरीबोट बंद होती. माझी बोट मी वेळेवर खाडीत आत नेली म्हणून वाचली. तुझ्या इथल्या वाडीतल्या, पाहुण्यांना भाड्याने देता त्या कॉटेजचे काही पत्रे उडाले. नारळ पडायचा प्रश्नच नव्हता, ते आपण दिवाळीतच कापले. पाहुण्यांच्या गाड्यांवर नारळ पडतात म्हणून शुभावहिनींनी हट्ट धरला आणि करवतवाला मीच आणून दिला होता.

आमच्या सगुणाचं मात्र होतं नव्हतं ते गेलं. नवरा वारल्यापासून माझी ही धाकटी बहीण दोन खलाशी ठेवून बोट चालवत होती आणि मासळी स्वतः बोरिवलीच्या बाजारात नेऊन विकत होती. वादळात दोर तुटला आणि बोट जेट्टीच्या खडकांवर आपटून आपटून फुटली. फळ्या कुठे गेल्या ते दर्याला ठाऊक. फक्त नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं उंच टोक, तेवढं अख्खं किनाऱ्याला लागलं. सगुणाने ती नाळ खलाशांकडून उचलून आणली, गोड्या पाण्याने धुतली, हळदकुंकू लावलं आणि दाराशी उभी केली. रडली नाही. मला म्हणाली, दर्याने तोंड तरी परत दिलं.

आता गंमत ऐक. सरकारने नुकसानीची मदत जाहीर केली आहे. शेतकऱ्यांना पिकाची, बागायतदारांना झाडांची, आम्हाला बोटींची. बोट 'अंशतः' मोडली असेल तर रंगरंगोटीपुरते पैसे, 'पूर्णतः' मोडली असेल तर नवी उभी राहील इतके. हे कळल्यावर आमच्या पाखाडीत मर्दुमकीला उधाण आलं. वादळात जे घराबाहेर पडले नाहीत ते कुऱ्हाडी घेऊन किनाऱ्यावर आले आणि आपापल्या बोटी फोडू लागले. कोणी मागची फळी तोडतोय, कोणी पोटात भोक पाडतोय. वाऱ्याने जे काम अर्धवट सोडलं ते हे पुरं करतायत. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन देखरेखीला उभा होता, जणू गणपतीचा मांडव घालायचाय.

पण एक सांगतो, हसशील. एवढे निर्लज्ज, तरी एकाचीही कुऱ्हाड नाळेला लागली नाही. नाळेवर आम्ही नारळीपौर्णिमेला कुंकू लावतो, तिच्यापुढे नारळ ठेवतो. तू कॉलेजात असताना तिच्यावर बुटाचा पाय टेकून फोटो काढायला गेलास आणि माझ्या आईने तुला वल्ह्याने हाणलं होतं, आठवतंय ना. तर सध्या किनाऱ्यावर मागून चिंधड्या झालेल्या आणि पुढून नवरीसारख्या नटलेल्या बोटींची रांग उभी आहे. हे असलं वादळ मी जन्मात पाहिलं नाही. सरकारला डोळे असते तर एका नजरेत कळलं असतं. नाहीत, म्हणून सगळ्यांचं फावणार.

मला त्या लोकांशी कर्तव्य नाही. सगुणाचे पैसे आले म्हणजे झालं. पाऊस सरला की नवी बोट पाण्यात पडली नाही, तर तिला दुसऱ्यांच्या दारात बसून जवळा निवडावा लागेल, आणि ते तिला जमणार नाही. ती कोणाचं ऐकून घेत नाही हे तुला माहीतच आहे.

तुझा,
अनंता


मुलुंड, १२ जून

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. शुभाला आणि चिरंजीव यज्ञेशला जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी लेखणी अजून तशीच तिखट आहे. यज्ञेश तर जेवण थांबवून ऐकत होता.

पण हसू आलं तसा संतापही आला. मी पस्तीस वर्षं सरकारी खुर्चीत काढली, म्हणून सांगतो, या देशाची वाट लावली ती अशा फुकट्या वृत्तीने. मदत म्हणजे लुटीचा माल नव्हे. करदात्याच्या घामाचा पैसा असतो तो. तुमच्या लोकांना कष्टाची भाकरी गोड का लागत नाही, हे कोडं मला नोकरीत असतानाही सुटलं नाही. तू त्यातला नाहीस, म्हणूनच तुझ्याशी मैत्री टिकली.

सगुणाची काळजी करू नकोस. तिचं नुकसान खरं आहे आणि खऱ्याला मरण नाही. पाहणी आता पूर्वीसारखी राहिली नाही. तलाठी चहा पिऊन कागद रंगवायचा ते दिवस गेले. हल्ली खाजगी कंपन्यांना काम देतात, शिकलेली मुलं येतात, फोटो काढतात, सगळं पारदर्शक. यज्ञेशलाही अशाच एका कंपनीत चांगलं काम मिळालं आहे. फार फिरती असते. नेमकं काय करतो ते मलाही नीट कळत नाही.

बाकी, नाळेचं तू लिहिलंस ते खरंच सगळ्यांच्या बाबतीत तसं आहे का? एकानेही हात लावला नाही? सहज विचारतो. लोकश्रद्धांचा अभ्यास करावा असं निवृत्तीनंतर फार वाटतं.

वाडीकडे अधूनमधून फेरी मार. नारळांचे बुंधे मात्र उपटू नकोस, साफसफाईही करू नकोस. शुभाला त्यांवर कुंड्या ठेवायच्या आहेत.

तुझा,
मधुकर


मनोरी, २८ जून

मध्या,

तुझी ती शिकलेली मुलं येऊन गेली. तुझ्या पारदर्शकतेच्या नावाने आमच्या पाखाडीत सध्या ज्या शिव्या चालू आहेत त्या पत्रात लिहिल्या तर पोस्टमन वाटेत धाडकन पडेल.

तिघं जण होते. फेरीतून उतरले ते सरळ किनाऱ्यावर. चेअरमनने शहाळी सोलून ठेवली होती, त्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं फुटलेल्या फळ्या बघतील, भोकं मोजतील. छे. एकेका बोटीच्या पुढे जायचं, नाळेवर हात फिरवायचा, फोटो काढायचा, पुढची बोट. मागे काय झालंय ते बघायला एकही जण गेला नाही. शेवटी त्यांच्यातली पुढारी पोरगी म्हणाली की इतक्या बोटी फुटल्या आणि एकीचीही नाळ फुटली नाही, असं वादळ नसतं. नाळ तुटलेली असती तर पूर्ण नुकसान धरलं असतं. सगळ्यांपुढे शेरा एकच, 'संशयास्पद, नाळ शाबूत'.

चेअरमनचं तोंड बघायला हवं होतंस. माझ्याने हसू आवरेना. पण पुढे काय होणार ते माझ्या टाळक्यात उशिरा शिरलं. सगुणा वाट अडवून उभी राहिली आणि त्यांना आपल्या दाराशी घेऊन गेली. तिथे नाळ, हळदकुंकू लावलेली, ताजी जास्वंद वाहिलेली. पोरीने विचारलं, बाकीची बोट कुठे? सगुणा म्हणाली, दर्यात. पोरीने नाळेवर हात फिरवला, गोड हसली आणि तोच शेरा लिहिला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. जिने कुऱ्हाड हातात घेतली नाही ती चोरांच्या रांगेत, आणि तिच्यापाशी दाखवायला फुटकी फळीसुद्धा नाही.

जाता जाता ती मंडळी तुझ्या वाडीतही डोकावली. तुझ्या बुंध्यांचे फोटो काढले. रस्ता चुकली असेल. मी फाटकापाशी उभा होतो, पण मला त्यांच्याशी बोलायची इच्छा नव्हती.

हे नाळेचं त्यांना सांगितलं कोणी? शहरातल्या पोरांच्या डोक्यात आपण होऊन हे येणं शक्य नाही. घरभेदीच असणार. पाखाडीने निमेश ठरवला आहे. निमेश म्हणजे आमच्याकडे इंजिनं दुरुस्त करणारा. त्याची स्वतःची बोट नाही, आणि चेअरमनशी त्याचं फाटलेलं. त्याच्याकडे इंजिन न्यायचं नाही, त्याच्या बायकोला पाण्याच्या नळावर बोलायचं नाही, असं ठरलं. बैठकीत मीही चार शब्द ऐकवले त्याला. तो मान खाली घालून उभा होता, शपथा घेत होता. अपराध्याची मान अशीच असते म्हणून मी आणखी दोन शब्द ऐकवले.

सगुणा रोज सकाळी नाळेला पाणी घालते, फूल बदलते आणि आत जाते. बोरिवलीच्या बाजारातली तिची बसायची जागा दुसरीने मागितली आहे. अजून तिने 'हो' म्हटलेलं नाही.

तुझ्या ओळखी आहेत. कोणाशी बोलता येईल का बघ. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

अनंता


मुलुंड, ९ जुलै

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला. शुभाच्या गुडघ्याची तपासणी चालू होती.

जे झालं ते वाईट झालं, पण रागावू नकोस, तत्त्वाने विचार कर. चोरी पकडली गेली हे चांगलंच आहे. ज्या कोणी ही खूण पुढे पोचवली त्याने समाजाचं भलंच केलं. निमेश असो की आणखी कोणी. अशा माणसाला वाळीत टाकणं हा मागासलेपणा झाला. तू तरी त्यात पडायला नको होतंस. शस्त्रक्रियेत थोडं चांगलं मांसही कापलं जातं, म्हणून कोणी डॉक्टरला दोष देत नाही.

तरीही तू मागितलंस आणि मी मित्राला नाही म्हणत नाही. चौकशी केली. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला फेरपाहणी आहे. नियम असा ठरला आहे की नाळ मोडलेली असेल तर विनाचौकशी पूर्ण नुकसान धरायचं, शाबूत असेल तर नाही. मग प्रश्न उरला कुठे? सगुणाकडे ती नाळच तेवढी आहे. फेरपाहणीच्या आधी एखाद्या खलाशाला सांगून फोडून घ्या. दोन घाव पुरेत. फोटोत कडा ताज्या दिसू नयेत म्हणून वर थोडा चिखल लावा. हे फक्त तिलाच सांग. बाकीच्यांनी केलं तर तो भ्रष्टाचार होईल, तिच्या बाबतीत तो न्याय आहे. भावनेच्या आहारी जाऊ नका. लाकूडच आहे शेवटी.

मी कोणाकडून चौकशी केली ते विचारू नकोस. माझी माणसं आहेत एवढं पुरे.

नारळीपौर्णिमेला दरवर्षीसारखे आम्ही येतो आहोत. शुभाने हिरवी नऊवार काढून ठेवली आहे. यंदा तरी तुझ्या बोटीच्या नाळेला कुंकू लावायचा मान तिला दे, गेल्या वर्षी राहून गेला.

तुझा,
मधुकर


मनोरी, नारळीपौर्णिमेचा दुसरा दिवस

श्री. मधुकरराव यांस,

काल तुम्ही आला नाहीत. येऊ नका म्हणून मी यज्ञेशच्या हाती निरोप पाठवला होता, तो मिळाला म्हणायचा. मुलगा सांगितलेलं पोचवतो. घराण्याचा गुणच आहे तो.

होय, फेरपाहणीला यज्ञेश स्वतः आला होता. वाकून माझ्या पाया पडला. पोराच्या मनात काही नाही, त्याला वाटलं मी खूश होईन. सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, ती नाळेची आयडिया तुमचीच ना. बाबांनी पत्र वाचून दाखवलं, मी लगेच साहेबांना सांगितली. मला प्रमोशन मिळालं." शेजारी निमेश उभा होता. मी बहिरा असलो तरी तो नाही. त्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो आणि त्याच्या बायकोदेखत त्याच्यापुढे मान खाली घातली. अपराध्याची मान कशी असते ते त्याने निवांत पाहून घेतलं. मग मला चहा दिला. तुमच्या नियमात हे 'मागासलेपणा'तच बसत असेल.

तुम्ही माझं पत्र वाचून दाखवलंत, ती चूक मी माफ केली असती. माझीच जीभ लांब आहे. पण लोकश्रद्धांचा अभ्यास म्हणून मला उलट विचारलंत, सगळ्यांच्याच नाळा शाबूत आहेत का, आणि माझ्या उत्तराचीही वाट पाहिली नाहीत. निमेशला वाळीत टाकलं कळल्यावरही तुम्ही 'निमेश असो की आणखी कोणी' असं लिहिलंत. तो 'आणखी कोणी' मुलुंडला जेवायला बसलेला होता.

आता आमच्या पाखाडीच्या शूरवीरांचं सांगतो. पहिल्या पाहणीत ती पोरगी बोलली होती ते कोणीच विसरलं नव्हतं. फेरपाहणीच्या आदल्या दिवशी सगळे पुन्हा कुऱ्हाडी घेऊन जमले. बराच वेळ कोणी पुढे होईना. मग चेअरमनने आपल्या नाळेवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, हात जोडले, डोळे मिटले आणि घाव घातला. मग काय, रांगच लागली. पुसायचं, हात जोडायचे, फोडायचं. बायका घरात दारं लावून बसल्या होत्या. मी जेट्टीवरून पाहत होतो. सगळ्यांचं पूर्ण नुकसान मंजूर झालं. काहींचे पैसे आलेसुद्धा.

तुमचा सल्ला मी सगुणाला सांगितला. शब्दशः सांगितला, चिखलासकट. तिने नाळेवरची कालची जास्वंद काढली, ताजी ठेवली आणि मग म्हणाली, "दर्यानं ठेवली ती मी फोडू, दादा? सरकारला दाखवाया? त्या मधूदादाला बोल, बोट माझी फुटलीय, मी नाय."

फेरपाहणीला ती मंडळी तिच्या दाराशी आली, नाळ पाहिली, तोच शेरा पुन्हा लिहिला आणि गेली. तिला काही मिळालेलं नाही, मिळणारही नाही. बाजारातली जागा तिने सोडलेली नाही. या मोसमात माझ्या बोटीची मासळी विकणार आहे, आणि बोट पाण्यात जायच्या आधीच भावावरून आमची रोज भांडणं चालू आहेत. माझ्या अर्ध्या बोटीवर तिचं नाव लावायला मी काल निमेशला सांगितलं. रंगाचं कामही तो करतो.

आता कालचं. नारळीपौर्णिमा उजाडली आणि पाखाडीच्या ध्यानात आलं की कुंकू लावायचं कुठे? किनाऱ्यावर नाळ तुटलेल्या बोटींची नुसती खोडं. माझी बोट शाबूत आहे, पण माझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती नाही. मग चेअरमनची बायको ताट घेऊन निघाली ती थेट सगुणाच्या दारात. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग आख्खी पाखाडी. दर्याने राखलेली नाळ ही एकच उरली होती. सगुणा दाराशी पाट टाकून बसली. बायकांना तिने येऊ दिलं. पुरुषांना म्हणाली, तिथंच थांबा, गल्लीत. थांबले. ज्यांचे पैसे आलेत ते टोप्या हातात धरून, जिला काही मिळालं नाही तिच्या गल्लीत, ओळीने थांबले होते. चेअरमनला मी विचारलं, उन्हात त्रास होत नाही ना. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. बहिरेपण सोयीचं असतं, मला ठाऊक आहे.

संध्याकाळी सगुणाच्या दारात नारळांचा ढीग झाला होता. मी ते पोत्यात भरत होतो, तेवढ्यात तलाठी आला आणि मला पेढा दिला. म्हणाला, तुमच्या मुलुंडच्या मित्राचंही काम झालं, वाडीतले सगळे नारळ वादळात पडल्याची पूर्ण मदत मंजूर झाली, अभिनंदन कळवा. तेव्हा मला समजलं की शुभावहिनींच्या कुंड्या अजून का आल्या नाहीत.

मधुकरराव, ते बुंधे मी रोज पाहतो. टेबलासारखे सपाट आहेत. करवत घेऊन आलेलं वादळ तुमच्या मुलाच्या कंपनीला ओळखता आलं नाही. आमची शाबूत नाळ त्यांना संशयास्पद वाटली, तुमचा साफ कापलेला बुंधा वाटला नाही. करदात्याच्या घामाच्या पैशाबद्दल तुम्ही जे लिहिलं होतं ते पत्र मी निमेशला वाचून दाखवलं. जेवताना नाही. त्याला ठसका लागला असता. मी तक्रार करणार नाही. तुमच्यासारखी माझी माणसं नाहीत, आणि करवतवाला मीच आणला होता.

हे सगळं मी सगुणाला सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती चिडली नाही. ढिगातला एक नारळ उचलला, कानाशी हलवून पाहिला, पाणी आहे याची खात्री केली आणि माझ्या हातात दिला. तो या पत्रासोबत पार्सलने पाठवतो आहे. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो.

"मधूदादाला दे हा. त्यांचं पूर्ण नुकसान झालंय ना, मदत म्हणून घ्या, बोल त्यांना."

अनंता